बुवा, चार नंबर वर गेला

बुवा, आधी बातमी सांगते. आपल्या सॉफ्टवेअरचा चार नंबर बाहेर पडला. काल सकाळी अकराच्या सुमारास, गिरगावच्या आपल्याच खोलीतून, नारळ फोडून आणि बटण दाबून. पंखा अजून तसाच कुरकुरतोय. प्रवीणनं स्वतःसाठी नवी खुर्ची आणली, ती जिन्यातून वर येईना म्हणून तिचे हात काढावे लागले आणि आता ते परत बसत नाहीत. तुमच्या खुर्चीवर कोणी बसत नाही असं लिहिलं तर तुम्ही हसाल, कारण ती खुर्ची नव्हतीच, तो माझा जुना हार्मोनियमचा खोका होता. त्यावर आता कुरियरची पाकिटं असतात.

तुम्हाला जाऊन दोन महिने होत आले. चाळीतल्या बोर्डावर तुमच्याबद्दल काय लिहायचं ते कमिटीनं मला विचारलं होतं. मी लिहिलं नाही. जन्म कधी, गाव कुठलं, नोकरी किती वर्षं, पश्चात कोण कोण, हे सगळं लिहून झालं असतं आणि त्यात तुम्ही कुठेच सापडला नसतात. शिवाय खरं लिहायचं तर एक गोष्ट लिहावी लागली असती, आणि ती लिहायची माझी तेव्हा छाती नव्हती. ती आता लिहिते.

भोईवाड्याच्या चाळीत आपली दारं समोरासमोर होती. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून तुम्ही माझे 'समोरचे बुवा'. दिवसा परळच्या हॉस्पिटलात लिफ्टमन आणि शनिवारी देवळात भजनाचे बुवा. त्या लिफ्टची मोटर पेटीच्या पांढरी दोनमध्ये घुमते, हे मी शाळेत असताना तुम्ही मला सांगितलं होतं. दिवसभर त्या एका घुमाऱ्यावर तुम्ही मनातल्या मनात रियाज करायचात, आणि पेशंटच्या नातेवाइकांना वाटायचं की हा माणूस किती शांत आहे.

पुढे मी कॉम्प्युटर शिकले, नोकरी केली, ती सोडली आणि प्रवीणबरोबर कंपनी काढली. कंपनी म्हणजे दोन माणसं आणि एक खोली. लहान मंडळांच्या, देवळांच्या, जयंतीच्या मंडपांत माइक शिट्टी मारतो ना, कानात सुई घातल्यासारखी, ती शिट्टी आपोआप पकडून दाबणारं सॉफ्टवेअर आम्हाला करायचं होतं. जुना लॅपटॉप माइक आणि स्पीकर यांच्या मध्ये लावायचा, बस. प्रवीण लहानपणापासून त्याच्या वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमांना वायरी ओढत आलेला, त्याला हा त्रास आतून माहीत. मला गणित येत होतं. आमच्या दोघांकडे जे नव्हतं ते तुमच्याकडे होतं. पहिली चाचणी मी गॅलरीत घेतली तेव्हा शिट्टी वाजली, सगळ्या मजल्यानं शिव्या घातल्या, आणि तुम्ही दाढीचा फेस तसाच ठेवून बाहेर आलात. "बाय, तुझी शिट्टी काळी चारची आसा. पण तिच्या खाली आणखी एक बारकी आसा, ती तुका ऐकाक येत नाय."

मी आकडे तपासले. होती.

त्या दिवसापासून तुम्ही कंपनीत. रिटायर झालाच होतात, तुमच्या दारातून काकी म्हणाल्या घेऊन जा, घरात नुसते माझ्या भांड्यांचे सूर काढतात. प्रवीणनं तुमच्यासाठी व्हिजिटिंग कार्डं छापली, त्यावर हुद्दा लिहिला 'मुख्य कान'. तुम्ही ती कार्डं गावी जाऊन वाटलीत आणि अर्ध्या गावाला वाटलं की बुवा कानाचे डॉक्टर झाले.

सॉफ्टवेअरला नाव तुम्हीच दिलंत, राखणदार. गावच्या वेशीवर असतो तसा, कोणाला न दिसता उभा. आणि राखणदार म्हटल्यावर गाऱ्हाणं आलंच. कुठलीही नवी आवृत्ती लोकांना द्यायच्या आधी तुम्ही डोक्यावर टॉवेल ठेवून, लॅपटॉपसमोर नारळ मांडून उभे राहायचात. मी इंग्रजीत बदलांची यादी करायची, त्यातल्या ओळी तुम्हाला मराठीत समजावून सांगायची, आणि तुम्ही त्या देवापुढे मालवणीत मांडायच्या. "बा देवा महाराजा, ह्या पोरांनी यंत्रातले बारा किडे मारले हत. तेरावो खय लपान बसलो असात, तर त्येका गिऱ्हायकाच्या आधी ह्यांका दाखव रे महाराजा." मग आम्ही दोघांनी "व्हय महाराजा" म्हणायचं. पहिल्या वेळी प्रवीण गप्प राहिला. तो म्हणाला, बुवा, मी बौद्ध आहे, देवाला गाऱ्हाणं घालत नाही. तुम्ही टॉवेल सारखा केलात आणि म्हणालात, देवाला नको म्हणूस, मी किड्यांचं सांगतोय ते खरं आहे ना, तेवढ्याला व्हय म्हण. त्यानंतर त्याचा 'व्हय' माझ्यापेक्षा मोठा असायचा. खालचा पेटी दुरुस्त करणारा माणूस घाबरून वर बघायला यायचा.

गाऱ्हाणं झालं की बटण दाबायचा मान तुमचा. तुमचं म्हणणं, ह्या खोलीत बटण दाबायचा चाळीस वर्षांचा अनुभव फक्त माझ्याकडे आहे. बोट बटणावर ठेवून तुम्ही आमच्याकडे वळायचात आणि लिफ्टचं दार ओढताना विचारत असाल तसंच विचारायचात, "सगळे इले मां?" सगळे आले ना? आम्ही हो म्हणायचो. मग नवी आवृत्ती वर जायची.

एक नंबर असा गेला, दोन नंबर असा गेला. तीन नंबरही असाच गेला, आणि तिथेच आम्ही माती खाल्ली.

तीन नंबरचं आम्हाला फार कौतुक होतं. त्यात मी एक झाडू बसवला होता. म्हणजे माइकमधून जे काही येईल त्यातला केरकचरा आधी साफ करायचा. पंख्याची घरघर, पायांचे आवाज, मागची बडबड, आणि गाणाऱ्याचा श्वास. ते सगळं गेलं की जे स्वच्छ उरेल त्यात शिट्टी शोधायची. कुठल्याही शहाण्या माणसानं आधी झाडू ठेवला नसता, असं आता वाटतं. पण मी चाळीत वाढले. पलीकडचा टीव्ही, खालचा नळ, वरचा पाटा, हे ऐकत अभ्यास केलेल्या माणसाला सगळ्यात आधी शांतताच हवी असते. प्रवीणचंही तेच. आम्ही दोघांनी आयुष्यभराचा वैताग त्या झाडूत घातला आणि स्वतःचीच पाठ थोपटली.

मग आली चाळीची सत्यनारायणाची पूजा आणि अंगणातली डबलबारी, दोन बुवांचा भजनी सामना. समोर हरीबुवा. पंचवीस वर्षं तुमच्यासमोर बसलेला माणूस, तुमच्याच गावच्या पलीकडच्या वाडीतला, लग्नात एकमेकांच्या पंगतीला वाढणारा आणि बारीला बसला की तुमची सालटी काढणारा. दुपारी चारला सुरू झालं. राखणदार लावलेला होता, एकदाही शिट्टी वाजली नाही, मी पहिल्या रांगेत मिरवत बसले होते. आणि तुमचा गजर टिपेला गेला. झांज थांबली, पखवाज थांबला, कोरस खाली बसला, आणि तुम्ही वरचा सा लावलात. त्याला सगळं परळ 'उभा सूर' म्हणायचं. लोक त्याच्यासाठी लांबून यायचे आणि तुम्ही तो किती वेळ ठेवता ते मनात मोजायचे.

दोन सेकंदांत तो खचला. बसला. तुमचं तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा ताठ होत्या, आणि स्पीकरमधून काही येत नव्हतं.

मला त्याच क्षणी कळलं. एकच सूर, सरळ, बराच वेळ टिकणारा, आगेमागे काही नाही. राखणदाराला ती शिट्टी वाटली. त्यानं गळा दाबला. अंगणात पाचशे माणसं होती आणि त्यांना एवढंच दिसलं की बुवांचा दम तुटला.

हरीबुवा तयारच होते. त्यांची बारी आली आणि पहिलाच टोला आला.

"उभो सूर चढवूक गेलो, मधीच खाली बसलो,
लिफ्टवालो बुवा आमचो दोन माळ्यांत फसलो."

अंगण हसलं. बारीत हसायचंच असतं, त्यात हरीबुवांचा काही दोष नाही. दोष माझा. माझ्या हातात माइक होता, बुवा. म्हणजे खरोखरच होता, तुमच्या कोरसमधला एक माइक हलला म्हणून मी पहिल्या रांगेतून उठून तो धरून उभी होते. मी एक वाक्य बोलायला हवं होतं. बोलले नाही. पुढच्याच आठवड्यात तीन मोठी मंडळं राखणदार घेणार होती आणि त्यांची माणसं त्याच अंगणात खुर्च्यांवर बसली होती. मी त्यांच्याकडे बघितलं आणि माइक तोंडापासून लांब नेला.

तुम्हालाही कळलं होतं. तुमच्या कानाला कळणार नाही तर कोणाला. लोकांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "वय झाला." काकींनाही तेच सांगितलंत.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मात्र तुम्ही मला सोडलं नाहीत, आणि तो वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणत होते की सरळ सूर आणि शिट्टी यांचं गणित सारखंच असतं, फरक कळायला वेळ द्यावा लागतो, आणि वेळ दिला तर शिट्टी लोकांचे कान फोडते. तुम्ही म्हणत होतात, माणूस वळखायचा असेल तर सूर बघू नको, सुराच्या आधी बघ.

"बाय, माणूस सूर लावच्या आधी श्वास घेता. शिट्टी खय श्वास घेता?"

मी म्हटलं, बुवा, श्वास आम्ही काढून टाकतो, तो कचरा असतो. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही एवढे चिडलेले मी कधी बघितले नव्हते, हरीबुवांवरसुद्धा नाही.

"श्वास कचरो? मगे तुझ्या यंत्रान माणसाक वळखूचा कशान?"

मी काय उत्तर दिलं ते लिहायची लाज वाटते, पण तुम्ही ऐकलंच आहे. मी म्हटलं, तुम्हाला त्यातलं टेक्निकल कळत नाही. प्रवीणनं माझ्याकडे असं बघितलं की मी खाली जाऊन पाच मिनिटं पेटीवाल्याच्या दुकानात बसून राहिले. परत आले तर तुम्ही तिघांसाठी चहा मागवला होता. त्यानंतर तुम्ही रोज ऑफिसात आलात, आमचे सूर ऐकलेत, किडे दाखवलेत. फक्त शनिवारच्या भजनाला बसायच्या आधी तुम्ही स्वतः उठून राखणदार बंद करायचात. देवळातल्या शिट्ट्या परत सुरू झाल्या. मला काही बोलायची सोय नव्हती.

मग तुमचं ते आजारपण आलं. त्यातलं मला लिहायचं नाही, एक गोष्ट सोडून. स्ट्रेचरवरून तुम्हाला तुमच्याच लिफ्टनं वर नेलं, मी बाजूला होते, आणि मास्क बाजूला करून तुम्ही म्हणालात, "ह्येचो सूर उतारलो. मिस्त्रीक सांग." मी सांगितलं. त्यानं दुसऱ्या दिवशी मोटर उघडली, तेल घातलं, आणि नव्या लिफ्टमनला विचारलं की हे तुला कसं कळलं नाही. तो बिचारा म्हणाला, मला काय माहीत हिचा सूर कुठला. तुम्ही ते ऐकायला हवं होतं, आठवडाभर सांगत फिरला असतात.

तेराव्याला मी काकींच्या शेजारी बसले होते. सगळे जेवून गेले होते. काकी पत्रावळी गोळा करता करता माझ्याशी बोलायला लागल्या, मोठ्यानं नाही, रोजचं काही बोलावं तसं. म्हणाल्या, "त्या पूजेक त्यांचो दम तुटलो, तेवाच माका कळाक होया होता गो. तेवाच डॉक्टराक दाखवूक होया होता. मी म्हटलंय वय झाला. माझाच चुकला."

बुवा, तुम्ही आम्हाला वाचवायला खोटं बोललात आणि मी स्वतःला वाचवायला गप्प बसले, आणि त्याची शिक्षा ती बाई भोगत होती. दोन वर्षांपूर्वीच्या त्या एका तुटलेल्या सुराला ती तुमच्या आजाराची पहिली खूण समजत होती. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण नुसतं सांगितलं असतं तर ते तोंडदेखलं वाटलं असतं. माणूस गेल्यावर लोक बरंच काय काय बोलतात. मला ते सिद्ध करून दाखवायचं होतं, काकींना, हरीबुवांना आणि त्या अख्ख्या अंगणाला. मी त्यांच्या हातातल्या पत्रावळी घेतल्या आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी मी आणि प्रवीणनं तुमची सगळी जुनी रेकॉर्डिंगं काढली. झाडू लावायच्या आधीची, कच्ची. शनिवारची भजनं, गॅलरीतल्या चाचण्या, एकदा तुम्ही मला शिव्या देताना चालू राहिलेला माइक. जिथे जिथे उभा सूर होता तिथे मी त्याच्या आधीचा तुकडा मोठा करून बघितला. प्रत्येक वेळी, बुवा. प्रत्येक वेळी सुराच्या जरा आधी तो होता. नाकातून ओढलेला, छोटा, शेवटी किंचित अडलेला. तुमचाच. मग आम्ही शिट्ट्यांची रेकॉर्डिंगं बघितली. त्यांच्या आधी काहीच नाही. त्या नुसत्या स्वतःच्या स्वतः फुगत जातात.

प्रवीण खुर्चीवरून उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. "यार, बुवा आपल्याला उत्तर देऊन गेले होते. आपण ते झाडून टाकलं," तो म्हणाला आणि रडला. मी आधीच रडत होते. मग आम्ही दोघांनी एकमेकांना चहा आणायला सांगितलं आणि कोणीच गेलं नाही.

काम फार मोठं नव्हतं, हेच लागतं मनाला. क्रम बदलायचा होता. आधी ऐकायचं, मग झाडायचं. श्वास सापडला की त्यामागून येणाऱ्या सुराला वाट द्यायची, कितीही लांब असो. श्वासाशिवाय जो आवाज वाढत जाईल त्याला धरायचं. दोन्ही एकाच वेळी आले तर ज्याला श्वास नाही तो चोर. झांजेनं आम्हाला छळलं, कारण झांज श्वास घेत नाही पण चोरही नाही. पेटी अजूनही कधीकधी मार खाते. प्रवीण म्हणतो तिच्या भात्याची खटखट ऐकू या, तोच तिचा श्वास. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, इतक्या वर्षांनी पोराला अक्कल आली.

सगळं जमल्यावर मी आधी काकींकडे गेले. त्यांच्यासमोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं, तीन नंबरचं, माइकचं, मंडळांच्या माणसांचं. त्या वाटाणे सोलत होत्या. हात थांबले.

"म्हणजे दम होतो?"

"होता, काकी. पुरेपूर होता. आम्ही तोडला."

त्या तुमच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, ह्या माणसानं मला तरी सांगायचं. मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू गो? तुझा तोंड खय होता?" त्यांनी वाटाण्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं, आणि मी सोलायला लागले. एवढं हलकं मला दोन वर्षांत वाटलं नव्हतं. त्यांनाही वाटलं असावं, कारण वाटाणे संपेपर्यंत त्या तुमच्या घोरण्याच्या सुराची थट्टा करत होत्या.

हरीबुवा जड गेले. चाळीनं तुमच्यासाठी अंगणात भजन ठेवलं होतं, रविवारी दुपारी, आणि मी त्यांना उभा सूर लावायला सांगायला गेले. ते म्हणाले, तो सूर त्याचा, मी लावणार नाही. मी त्यांनाही सगळं सांगितलं. लालबागच्या आपल्या लहानशा खोलीत त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे मी त्येका उगाच हसलंय? आणि तो माका एक शब्द बोललो नाय."

मी म्हटलं, ते कोणालाच बोलले नाहीत. हरीबुवा उठले, खुंटीवरची टोपी घेतली आणि विचारलं, रविवारी किती वाजता.

रविवारी अंगण भरलं होतं. तीच माणसं, त्याच खुर्च्या. प्रवीणनं मुद्दाम स्पीकर वाईट जागी लावले, तोंडं माइककडे, म्हणजे शिट्टी वाजायलाच हवी अशी व्यवस्था. मी म्हटलं, अरे इतकं नको. तो म्हणाला, बुवांची इज्जत आहे, परीक्षा सोपी नको. चार नंबर लावला आणि मी माइक घेतला. लांबलचक बोलणं तयार केलं होतं, ते सगळं विसरले. एवढंच म्हटलं:

"दोन वर्षांपूर्वी ह्याच जागी बुवांचा दम तुटला नव्हता. आमच्या यंत्रानं त्यांचा सूर तोडला. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी बोलले नाही."

त्या मोठ्या मंडळांपैकी एकाचा माणूस तिसऱ्या रांगेत होता, त्यानं मान खाली घातली. माझ्या मागून हरीबुवांनी गजर सुरू केला, जणू मला तिथून सोडवायला. गजर चढला. झांज थांबली, पखवाज थांबला, कोरस खाली बसला. हरीबुवांनी नाकातून श्वास ओढला. मी तो ऐकला, आणि मला माहीत होतं की राखणदारानंही ऐकला.

सूर लागला. दोन सेकंदं गेली. मी प्रवीणकडे बघितलं नाही. चार गेली. सूर तिथेच, सरळ, उघडा, भिंतींना लागून परत येणारा. मग मला दुसरीकडून ती ऐकू आली, काळी चारची, तुमची जुनी ओळखीची, स्पीकरच्या पोटातून फुगत येणारी. अंगणातल्या लोकांनी कानांकडे हात नेले. आणि ती मेली. नुसती ती. सूर उभाच. तिच्या खालची ती बारकी शिट्टीसुद्धा उठली आणि मेली, आणि ह्या वेळी ती मला ऐकू आली, बुवा, आकडे न बघता.

लोक मोजत होते. मी ओठ हलताना बघितले. दहाला कोणीतरी उठून उभं राहिलं, मग त्याच्या मागची रांग उठली, आणि हरीबुवांनी सूर खाली ठेवला तेव्हा सगळं अंगण उभं होतं. काकी सगळ्यात पुढे, पदर कमरेला खोचलेला, टाळ्या वाजवत. हरीबुवांना धाप लागली होती. त्यांनी हात वर करून लोकांना थांबवलं, पेटीवर दोन सूर दाबले आणि बारीला देतात तसा टोला दिला, तुमच्या फोटोकडे बघून.

"उभो सूर चढवूक गेलो, खयच नाय बसलो,
लिफ्टवालो बुवा आमचो गच्चीर जाऊन हसलो."

पंचवीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा तुम्हाला जिंकू दिलं. तुमची उत्तराची बारी होती आणि तुम्ही नव्हतात. पखवाजवाल्यानं तेवढा वेळ रिकामा जाऊ दिला, तुमच्यासाठी, आणि मगच पुढचा ठेका धरला.

आता कालचं सांगते. बदलांच्या यादीत आम्ही आजवर कोरडं लिहीत आलो, अमुक दुरुस्त, तमुक सुधारलं. ह्या वेळी पहिली ओळ मराठीत लिहिली आणि तिच्याखाली बाकीच्यांसाठी इंग्रजीत. 'तीन नंबरनं आमच्या बुवांचा उभा सूर भर अंगणात तोडला होता. चूक आमची होती. त्यांचा दम शाबूत होता.' आता राखणदार जिथे जिथे लावला जाईल तिथे ही ओळ आधी दिसेल. प्रवीण म्हणाला, गिऱ्हाइकं गेली तर? मग स्वतःच म्हणाला, जाऊ देत. अजून गेलं कोणी नाही. तिसऱ्या रांगेतल्या त्या माणसानं तर काल बटण दाबायच्या आधीच सकाळी सकाळी फोन करून विचारलं की चार नंबर कधी मिळेल. आणि आजच एका बासरीवाल्याची ईमेल आलीय, की तीन नंबरमध्ये माझी बासरी गिळली जायची, मी समजत होतो माझी फूक कमी पडते.

गाऱ्हाणं कोणी घालायचं हा प्रश्न होता. हरीबुवा म्हणाले मी येतो, मी म्हटलं नको, ह्या वेळी मी. टॉवेल काकींनी आणला, तुमचाच. मी तो डोक्यावर ठेवला आणि बा देवा महाराजा म्हणायला तोंड उघडलं, तर निघालं 'बा बुवा महाराजा'. प्रवीण हसला. मी तसंच पुढे नेलं. मारलेले किडे सांगितले, राहिलेल्या पेटीचं सांगितलं, आणि शेवटी सांगितलं की श्वास कचरा नसतो, हे मला तुमच्यासमोर म्हणायला हवं होतं. मागितलं काही नाही. प्रवीणनं "व्हय महाराजा" अशा काही आवाजात म्हटलं की खालचा पेटीवाला वर आला, आणि दारात उभं राहून त्यानंही एकदा म्हटलं.

मग बटण उरलं. मी बाजूला झाले. काकींनी पदराला हात पुसले, लॅपटॉपसमोर आल्या, एक बोट बटणावर ठेवलं आणि आमच्याकडे वळल्या.

"सगळे इले मां?"

मी खोलीत नजर फिरवली. प्रवीण होता, पेटीवाला होता, तुमचा खोका होता.

"आले, काकी," मी म्हटलं.

काकींनी बटण दाबलं.